विषय: गुहागरची ऑस्टिन सेव्हन पुण्याला न्यायची आहे, ट्रेलर कोणता घ्यावा?

प्रेषक: लेस्टरचा सभासद (सध्या मुक्काम गुहागर)

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

आमच्या गुहागरच्या घरी आजोबांच्या वेळची, १९३० च्या दशकातली ऑस्टिन सेव्हन टूरर (उघड्या छपराची छोटी ब्रिटिश मोटार) आहे, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक आहेच. इंजिनाचे काम पुरे होऊन ती आता अंगणात व्यवस्थित चालते; परंतु पुण्याच्या रॅलीसाठी तिला स्वतःच्या चाकांवर नेण्याचा धीर मला होत नाही, कारण कुंभार्ली घाटाचा चढ ती कशीबशी चढली तरी परतीचा उतार केबलवर चालणाऱ्या तिच्या ब्रेकांच्या भरवशावर उतरणे मला पटत नाही. घरच्या बोलेरोमागे ट्रेलर लावून न्यावी, असा विचार आहे.

ट्रेलर बनवणाऱ्या एका फॅब्रिकेटरने दोन पर्याय दाखवले आहेत. पहिला एका ॲक्सलचा (म्हणजे चाकांच्या एकाच जोडीचा), बिनब्रेकचा आणि हलका असून त्यावर चाकांसाठी फक्त दोन लांब पट्ट्या आहेत, मधली जागा मोकळी. दुसरा दोन ॲक्सलचा, ब्रेक असलेला आणि सलग पत्र्याचा आहे, आणि त्याची किंमत जवळजवळ दुप्पट आहे. “गाडी एवढीशी, तिला कशाला मोठा ट्रेलर?” असे त्याचे म्हणणे. इंग्लंडात ज्यांनी ट्रेलर ओढले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपला,
एक सभासद

—

प्रेषक: चिपळूणचे ज्येष्ठ सभासद

गुहागरच्या चिरंजीवांस अनेक आशीर्वाद,

गाडी एवढीशी आहे, नेमक्या त्याच कारणाने पहिला ट्रेलर तुझ्या कामाचा नाही. ऑस्टिन सेव्हनच्या डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर साधारण ४० इंच असते, तर आजकालच्या मोटारींचे दीड मीटरच्या आसपास. पट्ट्यांचे ट्रेलर या आजच्या मोटारींच्या मापाने बनवलेले असतात, त्यामुळे तुझी गाडी चढवताना चाके पट्टीच्या आतल्या कडेवर येतील आणि हात जरासा चुकला की एक चाक मधल्या पोकळीत जाऊन गाडी पोटावर बसेल. टेप घेऊन जा आणि दोन्ही पट्ट्यांच्या आतल्या कडांमधले अंतर स्वतः मोज. ते तीन फुटांपेक्षा चांगलेच कमी नसेल, तर पुढची बोलणी करूच नयेत. सलग पत्र्यावर हा प्रश्नच येत नाही, शिवाय गाडी बांधायचे पट्टे आवळताना माणसाला गाडीभोवती उभे राहता येते.

आता वजनाचे पाहू. टूरर चारशे ते साडेचारशे किलोंची धरली आणि सलग पत्र्याचा ट्रेलर साडेतीनशे-चारशेचा धरला, तर रॅम्प, स्टेपनी आणि हत्यारे मिळून आकडा आठशेच्या पुढे जातो. ब्रिटनमध्ये बिनब्रेकच्या ट्रेलरला भरलेल्या वजनाची मर्यादा ७५० किलो किंवा ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या निम्मी, यांपैकी जी कमी ती आहे. तो कायदा इकडे लागू नाही हे मला समजते. पण कुंभार्लीच्या उतारावर मागून रेटणारे आठशे किलो कोणत्या देशात आहेत, याचा विचार करत नाहीत. म्हणून ब्रेक हवेतच.

हे ब्रेक बहुधा ओव्हररन पद्धतीचे असतात. पुढची गाडी मंदावली की ट्रेलर कपलिंगवर (दोन्ही गाड्यांच्या जोडावर) रेटा देतो, त्या रेट्याने आतला दांडा मागे सरकतो आणि केबलमार्फत ड्रम ब्रेक लागतात. ड्रायव्हरला वेगळे काही करावे लागत नाही. त्यातली अडचण मात्र घाटातच कळते. लांब उतारावर ट्रेलर सतत रेटत राहतो, ब्रेक सतत घासत राहतात आणि ड्रम तापून त्यांची पकड सैल होते. यावर उपाय एकच: उताराच्या माथ्यावरच खालचा गिअर टाकायचा आणि बोलेरोचे इंजिनच गती धरून ठेवील असे पाहायचे. कपलिंग निसटले तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप ओढणारी सुटी केबलही मागून घे. ती नसलेला ट्रेलर मी फुकटसुद्धा घेणार नाही.

कपलिंगवरच्या भाराकडे इकडे फारसे कोणी पाहत नाही. ब्रिटनमध्ये ट्रेलरच्या एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के भार बॉलवर (ओढणाऱ्या गाडीच्या मागे असलेल्या, कपलिंग अडकवायच्या गोळ्यावर) यावा, असा संकेत आहे. म्हणजे नऊशे किलोंना साधारण ४५ ते ६३ किलो. घरातला वजनकाटा कपलिंगखाली ठेवून वर लाकडाचा ठोकळा उभा करायचा, ट्रेलर सपाट ठेवायचा आणि आकडा वाचायचा. भार कमी भरला तर गाडी चार बोटे पुढे घ्यायची, जास्त भरला तर मागे. जागा एकदा ठरली की पुढच्या चाकांपुढे अडणीचा लोखंडी तुकडा वेल्ड करून टाक, म्हणजे दरवेळी मोजायला नको. शेपटाकडे वजन गेलेला ट्रेलर वेग वाढताच डावी-उजवीकडे झुलू लागतो. तसे झाले तर अॅक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंगशी झुंजू नये आणि ब्रेकवर नाचू नये.

ताजा कलम: १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘मोटार वाहन’ या संज्ञेतच ट्रेलर येतो, म्हणून त्याला स्वतःची नोंदणी लागते. फॅब्रिकेटर “कोण विचारतो?” असे म्हणेल, पैसे मोजण्याआधी तू आरटीओत विचार. बोलेरोच्या मॅन्युअलात ओढण्याविषयी काय लिहिले आहे, तेही वाच.

तुझा,
चिपळूणचा काका

—

प्रेषक: देवगडच्या सभासद

काकांना सादर नमस्कार,

ब्रेक आणि सलग पत्रा या दोन्ही बाबतींत मी काकांशी सहमत आहे. दोन ॲक्सलविषयी मात्र काकांनी काही लिहिलेले नाही, आणि गुहागरच्या भावजींनी ब्रेक हवा म्हणून दोन ॲक्सल गळ्यात मारून घेऊ नयेत, एवढ्यासाठी हे पत्र. ब्रेक एका ॲक्सललाही बसतात, आणि टनाच्या आतल्या वजनाला एक ॲक्सल पुरतो.

दोन ॲक्सलचा ट्रेलर हमरस्त्यावर अधिक स्थिर चालतो आणि एक टायर बसला तरी कडेला घेईपर्यंत तग धरतो, हे खरे. परंतु आपल्याकडे ट्रेलर शेवटी जातो तो आगरातल्या वाटेने, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे असलेल्या जागेत. तेथे बोलेरोने रिव्हर्स घेऊन तो आत घालणे पुष्कळदा अशक्य असते. मग सोडवून हाताने वळवावा लागतो. एका ॲक्सलचा रिकामा ट्रेलर दोघे जण दांडा धरून जागच्या जागी फिरवतात. दोन ॲक्सलचा फिरवताना चारही चाके आडवी घासतात, टायर झिजतात आणि अंगण उखडते ते वेगळेच.

मागचा भाग किती लोंबतो, तेही पाहावे. पुढेमागे गाडी दापोलीला नेण्यासाठी धोपाव्याहून दाभोळची फेरीबोट घ्यायची झाली, तर ओहोटीच्या वेळी जेट्टी आणि बोटीचा रॅम्प यांच्यामध्ये असा कोन होतो की लांब शेपटाचा ट्रेलर तेथे हमखास टेकतो. शक्यतो भरतीची वेळ गाठावी. कोकण रेल्वेने २०२५ च्या गणपतीत खासगी मोटारींसाठी रो-रो (मोटारी रेल्वेच्या वाघिणींवर चढवून नेण्याची सेवा) सुरू केली, तीही मी पाहिली होती. पण ती कोलाड ते गोव्यातले वेर्णा अशी असल्याने पुण्याच्या वाटेवर तिचा उपयोग नाही.

खाऱ्या वाऱ्याचा विचार मात्र आजच करावा. रंग दिलेला चौकोनी पाइप वरून छान दिसतो आणि आतून कुजतो. सगळे वेल्डिंग आणि सगळी भोके झाल्यावर सांगाडा गॅल्व्हनाइज करून (जस्ताचा थर देऊन) घ्यावा, आणि पाणी साचू नये म्हणून पाइपांना खालून भोके ठेवायला सांगावे. चेकर प्लेट (उठावाच्या नक्षीचा पत्रा) पावसात निसरडी होते. चाकांच्या वाटेवर वाळू मिसळलेला रंग मारला तर गाडी ढकलताना पाय सटकत नाहीत.

गाडी बांधताना रॅचेटचे (खटक्याने आवळायचे) पट्टे टायरवरून घ्यावेत, तारांच्या चाकांच्या आऱ्यांमधून ओवू नयेत, कारण आरे वाकतात. गाडीच्या बॉडीला बांधू नये, हे सांगायला नकोच. निघाल्यावर पाच-दहा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत. गाडीचे पाटे (स्प्रिंगा) आणि टायर दबून बसले की ते सैल होतातच.

आपली,
देवगडची वहिनी

—

प्रेषक: लेस्टरचा सभासद

काका आणि वहिनी, दोघांचेही मनापासून आभार.

टेप घेऊन गेलो होतो. पट्ट्यांच्या ट्रेलरच्या आतल्या कडांमधले अंतर तीन फुटांहून जास्तच भरले, त्यामुळे तो विषय संपला. एक ॲक्सल, सलग पत्रा, ओव्हररन ब्रेक आणि गॅल्व्हनाइज केलेला सांगाडा, असा तिसराच ट्रेलर बनवून घ्यायचे ठरवले आहे. पत्र्याची उंची जमिनीपासून सुमारे अर्धा मीटर येते, म्हणून रॅम्प दोन मीटरांचे सांगितले आहेत. इतक्या उतारावर गाडीचे पोट टेकत नाही, हे फळ्या लावून पाहिले. सहा व्होल्टच्या बॅटरीवर भिस्त नको, म्हणून गाडी वर ओढून घ्यायला पुढे हाताची विंचही (दोर गुंडाळणारे चाक) बसवतो आहे. गाडीची विंटेज नोंदणी करण्याचाही विचार आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. मात्र ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कामांसाठीच आणता येते. तेव्हा ट्रेलर पुढेही लागणारच.

एक शंका उरली आहे. ओव्हररनचे कपलिंग मागवावे लागेल आणि त्याला वेळ लागेल, म्हणून तोपर्यंत ट्रॅक्टरसारखी रिंग आणि पिन लावून काम भागेल, असे फॅब्रिकेटर म्हणतो. तसे चालेल का?

—

प्रेषक: चिपळूणचे ज्येष्ठ सभासद

अजिबात चालणार नाही. पिन आणि रिंग यांच्यामध्ये मोकळीक असते, त्यामुळे प्रत्येक गतिरोधकावर ट्रेलर आधी मागे ओढला जाऊन मग पुढे आदळतो, आणि तो झटका बांधलेल्या गाडीच्या पाट्यांपर्यंत पोहोचतो. शिवाय त्या व्यवस्थेत ब्रेक ओढणारा सरकता दांडाच नाही, म्हणजे तू पुन्हा बिनब्रेकच्या ट्रेलरवर आलास. ५० मिलिमीटर बॉलचे कपलिंग येईपर्यंत थांब. पुण्याची ही रॅली हुकली तर पुढच्या वर्षी जा. नाहीतर चिपळूणहून फ्लॅटबेड भाड्याने घेऊन पाठव, मी चौकशी करून भाडे कळवतो.

काका