खांद्याच्या इम्पिंजमेंटवर फिजिओ चालू आहे, फरक नाही. ऑपरेशन करावं का?

निशिगंध
नमस्कार. खांदा दुखतोय, ऑर्थोने इम्पिंजमेंट सांगितलंय, म्हणजे हात वर नेताना आतला स्नायूबंध हाडाखाली चिमटतो. फिजिओला जातेय पण काडीचा फरक नाही. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, ब्लाउजच्या बाहीत हात घालताना डोळ्यांत पाणी येतं. आता म्हणतात इंजेक्शन घ्या, नाहीतर दुर्बिणीतून ऑपरेशन. दिवाळी तोंडावर आलीय. कोणाला अनुभव असेल तर प्लीज लवकर सांगा.

सायली०७
कुठला खांदा? वय? शुगर आहे का? आणि फिजिओ म्हणजे नेमकं काय करतात तिथे?

बापूराव_वाई
फिजिओ बंद करा ताई. निर्गुडीचं तेल कोमट करून रोज रात्री चोळा. आमच्या मेव्हण्याचा खांदा गावच्या हाडवैद्याने एका झटक्यात मोकळा केला होता.

रोहिणी_फिजिओ
बापूराव, तेलाने बरं वाटत असेल तर खुशाल लावू देत. पण झटका देण्याचा सल्ला कृपया देऊ नका. आतला स्नायूबंध आधीच दुखावलेला असेल तर अशाने तो फाटू शकतो.

बापूराव_वाई
पिढ्यान् पिढ्या लोक बरे होत आलेत. तुमच्या मशीनने या ताईंना काय फरक पडला ते सांगा आधी.

गोदाकाठ
हे फ्रोजन शोल्डर असणार, म्हणजे खांदा आखडलाय. माझ्या आईला अगदी अस्संच होतं, दीडेक वर्षाने आपोआप सुटलं.

निशिगंध
उजवा. वय ४६. शुगर नाही. एमआरआयमध्ये सुप्रास्पायनेटसला (हात बाजूने उचलणारा खांद्यातला स्नायूबंध) सूज आहे, फाटलेलं नाही. फिजिओत आयएफटी (मशीनने सौम्य विजेचा प्रवाह देतात ते), अल्ट्रासाउंड आणि शेक. व्यायाम पहिल्या आठवड्यात दिले होते, दुखतं म्हटल्यावर त्यांनीच बंद केले. हात बाजूने वर नेताना मध्येच जोरात कळ येते, पूर्ण वर गेला की कमी होते. ऑपरेशनचं कोणी सांगेल का?

अभय_डोंबिवली
करून टाका. माझं झालंय, आता मस्त पोहतो. मेडिक्लेममध्येही बसलं.

रोहिणी_फिजिओ
अभय, तुम्हाला आराम मिळाला याचा आनंदच आहे. पण ऑपरेशननंतर तुम्हीही व्यायाम केलेच असतील ना? ब्रिटनमध्ये ३२ रुग्णालयांतल्या ३१३ रुग्णांची चाचणी झाली, २०१८ साली लॅन्सेटमध्ये छापून आली. काहींचं या ऑपरेशनात तासतात ते खांद्यावरचं हाड तासलं, काहींना नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, काहींना काहीच केलं नाही. सहा महिन्यांनी हाड तासलेले आणि नुसती दुर्बीण घातलेले यांच्यात फरक नव्हता. काहीच न केलेल्यांपेक्षा दोघं किंचित बरे होते, पण रुग्णाला जाणवावा एवढाही तो फरक नव्हता.

निशिगंध, मध्येच कळ येऊन पुढे कमी होणं हे इम्पिंजमेंटचंच लक्षण. साधारण ६० ते १२० अंशांत दुखतं. गोदाकाठ, फ्रोजनमध्ये कोपर कमरेला चिकटवून दुसऱ्याने मनगट बाहेर वळवायला घेतलं तरी हात अडतो. ते घरीच बघता येईल.

आयएफटीने आणि शेकाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, स्नायूबंधाची ताकद वाढत नाही. खरा इलाज व्यायाम, आणि तोच तुमचा बंद आहे याचं मला फार वाईट वाटतं. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर यायला हवं, नाही आलं तर व्यायामातलं वजन कमी करायचं. तिथल्या फिजिओंना हे स्पष्ट विचारा. बारा आठवडे नेटाने करावे लागतात. दुखण्यामुळे व्यायाम जमतच नसेल तर एखादं इंजेक्शन घेऊन काही आठवड्यांची उसंत मिळवता येते.

तुम्ही काम काय करता?

सुधीर_६२
गुडघ्याला आयएफटी चालतं का? माझा डावा गुडघा जिना उतरताना दुखतो.

सायली०७
काका, वेगळा धागा काढा ना, इथे हरवून जाईल.

निशिगंध
काम म्हणजे डबे. घरगुती पोळीभाजीचे डबे देते, आणि दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी. चकलीचा सोऱ्या दाबताना खांद्यातून दंडापर्यंत कळ जाते. पिठाचे मोठे डबे ओट्यावरच्या वरच्या फळीवर आहेत, दिवसभर काढ-घाल चालू असते. काम थांबवणं शक्य नाही, यावरच घर चालतं.

सायली०७
अगं हे आधी सांगायचं ना!

रोहिणी_फिजिओ
काम थांबवू नका, फळी बदला. पीठ, तेल, सोऱ्या, रोजचं सगळं कमरेच्या आणि छातीच्या मध्ये आणा. वरून काढायचंच असेल तर स्टुलावर उभं राहून. चकली ओट्यावर पाडत असाल तर खालच्या टेबलावर पाडा, कोपर अंगाजवळ राहील. जमलं तर दोन हातांनी फिरवायचा सोऱ्या घ्या.
कोपराखाली टॉवेलची घडी धरून थेराबँड (व्यायामाचा रबरी पट्टा) बाहेर ओढायचा, आणि दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकींकडे खेचायची. सुरुवात या दोनांनी. हात वर उचलायचे व्यायाम नंतर. डाव्या कुशीवर झोपून उजव्या हाताखाली उशी घ्या.

बापूराव_वाई
आणि तेल लावाच.

निशिगंध
मनगट वळवून बघितलं, हात अडत नाही. फळी आज मुलाकडून खाली करून घेते. थेराबँड कुठल्या रंगाचा आणू?

रोहिणी_फिजिओ
रंग कंपनीप्रमाणे बदलतात. दुकानात सगळ्यात हलका मागा. आणि फिजिओकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा पहिल्या आठवड्यात व्यायामाचा कागद दिला असेल तर तो घेऊन जा.