आईच्या डोळ्यात आधी इंजेक्शन की आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन? परभणीकडून कुठं न्यावं?

गोदाकाठचा
नमस्कार मंडळी. आई ७१ वर्षांची, शुगर चौदा वर्षांपासून. गाव पाथरी तालुक्यात. मी चाकणला कंपनीत, आई गावी भाऊ-वहिनीजवळ.
दिवाळीला गेलो तर आई कपाच्या बाहेर चहा ओतायली. गहू निवडायला बसली की खडे तसेच राहतात. म्हणाली, "समोरच्याची चप्पल दिसती रे, तोंड पुसल्यावानी दिसतंय."
गावात शिबिर झालं, त्यांनी सांगितलं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा जास्त, गाडीनं नेऊन फुकट करून देतो. त्याच आठवड्यात परभणीला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी थेंब टाकून डोळ्याचा मागचा पडदा बघितला, ओसीटी म्हणजे पडद्याच्या थरांचा फोटो काढला आणि म्हणाले डाव्या पडद्याला मधोमध सूज आहे, आधी महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं, ऑपरेशन नंतर.
कुणाचं ऐकावं? आणि न्यावं कुठं? सगळं मिळून ३०-३५ हजार जमतील, यंदा सोयाबीननं काही हाती लागू दिलं नाही. पुणे-मुंबई सांगू नका, आई म्हशीला सोडून दोन दिवसांच्या वर राहत नाही.

जालनाकरीण
भाऊ, जास्त विचार करू नका, सरळ जालन्याला श्री गणपती नेत्रालयात न्या. माझ्या सासूबाईंचे दोन्ही डोळे तिथंच झाले. सकाळी लवकर जा, गर्दी असते, सगळ्या मराठवाड्यातून आणि विदर्भातून माणसं येतात. आईंना शुगर आहे म्हणता, तर डबा आणि गोळी पिशवीत ठेवाच. थेंब टाकल्यावर बाहुली मोठी होईपर्यंत बसावं लागतं, त्यात जेवणाची वेळ टळते. आमच्या सासूबाईंना तिथंच घाम फुटला होता, शेजारच्या बाईंनी गूळ दिला म्हणून बरं.

नांदेडचा_पठ्ठ्या
हैद्राबाद. दुसरं नाव घेऊ नका. एल. व्ही. प्रसाद, बंजारा हिल्स. १९८७ पासूनची संस्था आहे, बाहेर देशातले डॉक्टर तिथं शिकायला येतात. माझ्या वडिलांचे दोन्ही डोळे केले, बाहेरची लेन्स टाकली, राहणं-खाणं धरून नव्वद हजारांच्या आसपास गेले. आज वडील चष्म्याशिवाय मोटारसायकलचा नंबर लांबून वाचतात. परभणीहून रेल्वेत बसायचं, थेट सिकंदराबाद. आईच्या डोळ्यापुढं पैसा बघू नये दादा.

गुरुजी_अंबड
मला एकच सांगायचं आहे, थांबू नका. मला एका ठिकाणी सांगितलं होतं, "गुरुजी, अजून पिकला नाही, पिकल्यावर या." मी तीन वर्षं थांबलो. पिकून इतका कडक झाला की ऑपरेशन लांबलं, बुबुळाला सूज आली आणि दीड महिना सगळं धुक्यातून बघितल्यासारखं होतं. पिकायची वाट बघण्याचे दिवस जुने झाले. आता रोजच्या कामात अडायला लागलं की करायचं असतं. वर्तमानपत्र सुटलं होतं माझं, त्या तीन वर्षांचं अजून वाईट वाटतं.

सूनबाई_हिंगोली
जालन्याला माझंही मत. आणि ज्येष्ठांना एसटी फुकट आहे, आईंना जायला खर्च नाही.

लातूरचा_बाबा
ताई, फुकट ७५ च्या पुढं. आई ७१ च्या आहेत, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. तसंही बायकांना २०२३ पासून अर्धंच आहे. वयासाठी आधार कार्ड सोबत ठेवा.
आता डोळ्याचं. नांदेडकर, उठसूट हैद्राबाद कशाला? उदगीरला लायन्सचं नेत्र रुग्णालय आहे, आमच्याकडचे हजारो म्हातारे तिथून बघते होऊन आले. अंबाजोगाईला सरकारी मेडिकल कॉलेज आहे. डॉ. तात्याराव लहाने आमच्या रेणापूर तालुक्यातले, माकेगावचे. मुंबईला जे. जे. ला जायच्या आधी अंबाजोगाईलाच होते. २००८ ला पद्मश्री मिळाली. मराठवाड्यात डोळ्यांचं काम कमी नाही.

नांदेडचा_पठ्ठ्या
बाबा, कमी आहे म्हटलं का मी? पडद्याचं प्रकरण आहे म्हणून मोठं ठिकाण सांगितलं. आणि नांदेडहून हैद्राबाद आम्हाला पुण्यापेक्षा जवळ पडतं.

लातूरचा_बाबा
तुम्हाला पडतं. पाथरीच्या माणसाला नाही.

मेडिकलवाला_सेलू
मी अठरा वर्षं मेडिकल चालवतोय. आईच्या डोळ्यात कुणी मनानं थेंब टाकत असेल तर आधी बंद करा. माणसं येतात, "मागं ते लाल टोपणाचं दिलं होतं, तेच द्या" म्हणतात. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. डोळा दोन दिवसांत पांढराशुभ्र होतो म्हणून महिनोन् महिने टाकत राहतात आणि आत दाब वाढून काचबिंदू होतो. माझ्या सख्ख्या मावशीचं असंच झालं, बाटली दुसऱ्या दुकानातून नेत होती. काचबिंदूत गेलेली नजर कुठल्याच ऑपरेशननं येत नाही. दाब मोजला का विचारा, १० ते २१ च्या आत असावा.
आणखी एक, वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या वडिलांना लघवीसाठी टॅमसुलोसिनची गोळी चालू असेल तर मोतीबिंदूच्या डॉक्टरांना ऑपरेशनआधी सांगा. त्या गोळीनं बाहुली नीट मोठी होत नाही आणि ऐन ऑपरेशनात अडचण येते. हे कुणी आपणहून सांगत नाही, कारण डोळ्याचा आणि लघवीच्या गोळीचा संबंध लक्षातच येत नाही.

धाराशिवकर
वडिलांना मल्टिफोकल लेन्स टाकली, एका डोळ्याचे ऐंशी हजार. जवळचं-लांबचं दोन्ही दिसतं, चष्मा गेला. एकदाच करायचं तर चांगलंच करा.

चष्मा_तपासनीस
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, संभाजीनगरला. डॉक्टर नाही, पण रोज हेच बघतो, म्हणून सविस्तर लिहितो.
गोदाकाठचे भाऊ, तुमच्या परभणीच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय. डोळा म्हणजे कॅमेरा धरा. मोतीबिंदू म्हणजे पुढची काच गढूळ झाली, पडदा म्हणजे मागची फिल्म. फिल्मलाच ओल आली असेल तर नवी काच बसवून चित्र साफ येत नाही. उलट शुगरवाल्यांची पडद्याची सूज मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वाढू शकते. म्हणून आधी सूज उतरवतात. "चप्पल दिसती, तोंड दिसत नाही" हे आईंचं बोलणं पडद्याच्या मधल्या भागाचंच लक्षण आहे. नुसत्या मोतीबिंदूत सगळंच धुरकट होतं आणि रात्री दिव्याभोवती कडं दिसतं.
मोतीबिंदू इतका दाट असेल की पडदा तपासताच येत नाही, तर मात्र ऑपरेशन आधी करावं लागतं. तुमची ओसीटी निघाली म्हणजे तसं नाही. शिबिरवाल्यांना दोष देऊ नका. गावातल्या शाळेच्या खोलीत टॉर्चनं जेवढं दिसतं तेवढं त्यांनी सांगितलं.
मल्टिफोकलचं धाराशिवकरांच्या वडिलांना जमलं, चांगलं झालं. पण पडदा खराब असलेल्या शुगरच्या माणसाला ती शक्यतो टाकत नाहीत. तिच्यात उजेड वाटला जातो, आणि आजारी पडद्याला आधीच उजेड कमी पडत असतो. साधी मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराचं साफ दाखवणारी घ्या, नंतर चष्मा लागेल.
ओसीटीच्या रिपोर्टवर पडद्याच्या मधल्या जाडीचा आकडा किती आहे?

धाराशिवकर
वडिलांनाही शुगर आहे, काही झालं नाही.

चष्मा_तपासनीस
शुगर असणं आणि शुगर पडद्यात उतरणं वेगळं आहे दादा. रात्री समोरून गाडी आली तर त्यांना दिव्याला फुलं दिसतात का, विचारून बघा.

धाराशिवकर
विचारलं. दिसतात म्हणाले. रात्री गाडी चालवणं त्यांनी म्हणूनच सोडलं होतं, आम्हाला बोलले नव्हते.

गोदाकाठचा
डावा ४१२, उजवा २९० मायक्रॉन. तीन महिन्यांची शुगर ९.१ आली. दाब दोन्हीकडं १६. थेंब कुठलेच चालू नाहीत, पण आई रोज सकाळी मध घालायची, शेजारणीनं सांगितलं म्हणून.

गुरुजी_अंबड
मध आजच बंद करा! उघड्या बरणीतला मध डोळ्यात घालायचा नसतो. जंतू गेले तर डोळाच जाईल. माझ्या वर्गातल्या एका पोराच्या आजीचं बुबुळ अशा घरगुती उपायानं पांढरं झालं होतं, ती मला नेहमी आवाजावरून ओळखायची.

चष्मा_तपासनीस
४१२ म्हणजे सूज आहेच. उजवा सध्या बरा दिसतो, पण त्यावर लक्ष ठेवा. घरी रोज एक गोष्ट करा. एक डोळा तळहातानं झाकून, जवळचा चष्मा लावून फरशीच्या रेघा किंवा खिडकीचे गज बघायला सांगा. मग दुसरा डोळा. रेघ वाकडी किंवा मधेच तुटलेली दिसली तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. दोन्ही डोळे उघडे ठेवून हे कळत नाही, चांगला डोळा वाईटाला झाकून घेतो.
इंजेक्शनं दोन-तीन प्रकारची असतात, भावात फार फरक. स्वस्तातलं अवास्टिन मुळात कॅन्सरचं औषध, डोळ्यात बरीच वर्षं वापरतात, पण मोठ्या बाटलीतून छोटे डोस काढावे लागतात, म्हणून ते कुठं आणि कसं काढलं हे महत्त्वाचं. रॅनिबिझुमॅबचं भारतीय बनावटीचं इंजेक्शन मधल्या भावात मिळतं. डॉक्टरांना नाव आणि भाव दोन्ही उघड विचारा.
आणि ९.१ खाली आणल्याशिवाय इंजेक्शनं पुरणार नाहीत. बीपी आणि किडनीची तपासणीही करून घ्या.

जालनाकरीण
मग जालन्यालाच न्या ना, पडदा आणि मोतीबिंदू एकाच छताखाली होईल.

परळीचा_अण्णा
७० च्या पुढच्यांना आयुष्मान कार्ड निघतं, उत्पन्नाची अट नाही, ऑक्टोबर २०२४ पासून. आईंचं काढून घ्या. पण त्यात काय बसतं ते त्या दवाखान्याच्या आयुष्मान काउंटरवर आधी विचारा, दाखल झाल्यावर नको. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात तसंही मोफत होतं, संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयातही होतं.

सूनबाई_हिंगोली
मी आधी एक ओळ लिहून गेले, पण चैन पडेना. गोदाकाठचे दादा, कुठं न्यायचं यापेक्षा कोण नेणार हे आधी ठरवा.
माझ्या सासूबाईंना हेच झालं होतं. लांबच्या मोठ्या दवाखान्यात पहिलं इंजेक्शन घेतलं. पंधरा दिवसांत म्हणाल्या, तुळशीची पानं दिसायली. घरात सगळे खूश. दुसऱ्या इंजेक्शनाची तारीख आली तेव्हा हरभरा काढायचा होता, मालक म्हणाले पुढच्या आठवड्यात जाऊ. मग लग्न निघालं. मग शाळेच्या परीक्षा. जायचं म्हणजे पहाटे चारला निघायचं आणि रात्री दहाला घरी, दोन माणसांची मजुरी बुडायची. तीन महिन्यांनी गेलो तर सूज पहिल्यापेक्षा जास्त. पुढं पाच इंजेक्शनं झाली, पण तुळस परत दिसली नाही. त्या अजून रोज पाणी घालतात, हातानं चाचपून.
मला फार लागून राहिलंय हे. दवाखाना चांगलाच होता, पण दर महिन्याला पोचणं आमच्याच्यानं झालं नाही.

नांदेडचा_पठ्ठ्या
ताई, वाचून वाईट वाटलं. तरी मी म्हणेन, एकदा तरी हैद्राबादला दाखवून घ्या. मोठ्या ठिकाणचं मत वेगळं असतं.

लातूरचा_बाबा
उदगीर. शेवटचं सांगतो.

गोदाकाठचा
सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय, तीन आठवडे धावपळ होती.
परभणीतच करायचं ठरवलं. तुमच्यापैकी कुणीच परभणी म्हणालं नाही, माहीत आहे. त्या डॉक्टरांकडं संभाजीनगरचे पडद्याचे डॉक्टर दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी येतात. ऑपरेशनची खोली स्वच्छ आहे, मी आत उभा राहून बघितली. भारतीय रॅनिबिझुमॅब, एकाचे नऊ हजार, डबी माझ्यासमोर फोडली. कार्ड तिथं चालत नाही, म्हणून तीन इंजेक्शनांचे सत्तावीस हजार खिशातूनच जातील. ऑपरेशन पुढं घाटीत किंवा जालन्यात, कार्डात बसलं तर बसलं.
हिंगोलीच्या ताईंचं लिहिलेलं वहिनीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "परभणीला मी एकटी नेऊन आणते. दहाच्या एसटीनं गेलं की चारला घरी, पोरं शाळेतून यायच्या आत." तिच्या या बोलण्यावर ठरलं. भाऊ हैद्राबाद म्हणत होता, मामा जालना.
पहिलं इंजेक्शन गेल्या शनिवारी झालं. आई फार घाबरली होती, डोळ्यात सुई म्हटल्यावर गाडीतच रामरक्षा सुरू केली. बधिर करायचे थेंब टाकले, पाच मिनिटांत बाहेर. म्हणाली, "मुंगी चावल्यागत झालं बघ." दुसऱ्या दिवशी डोळ्यात काळे ठिपके फिरताना दिसले, घाबरून फोन केला, डॉक्टर म्हणाले औषधाचे बुडबुडे आहेत, विरतील. दोन दिवसांत गेले. वहिनीनं कॅलेंडरवर पुढच्या दोन तारखांना हळदीचं बोट लावून ठेवलंय. मध बंद. रात्रीचा भात बंद, त्यावर आई रुसलेली आहे.

नांदेडचा_पठ्ठ्या
मला पटलं नाही दादा, पण आईला लवकर बरं वाटो.

चष्मा_तपासनीस
डोळा लाल होऊन दुखायला लागला, नजर एकदम कमी झाली किंवा पडदा ओढल्यासारखं वाटलं तर शनिवारची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. वहिनींना हे पाठ करून ठेवायला सांगा. डॉक्टरांचा रात्रीचा नंबर दाराच्या मागं लिहून ठेवा.

गोदाकाठचा
लिहिलाय, चुन्यानं, मोठ्या अक्षरात. वहिनी एक विचारायलीय. रविवारी शेतात हुरडा आहे, पाहुणे येणार, आईला आगटीजवळ बसायचंय. चालेल का?

चष्मा_तपासनीस
या रविवारी धुरात आणि भुश्यात नको. हुरडा चोळून वाटीत घालून घरी पाठवा, मऊ आणि थोडाच. शुगर आहे.