जपान्यांच्या 'हाइ हाइ'ला मराठीत काय म्हणायचं? (शब्द: आइझुची)

रानजाई
एक शब्द अडलाय. आमच्या नात्यातली काही ज्येष्ठ मंडळी जपानला निघालीयेत, इंग्रजी सगळ्यांना छान येतं, जपानी अजिबात नाही, म्हणून त्यांच्यासाठी मराठीत एक टिपण करतेय. त्यात 'आइझुची' आली आणि मी थांबले. म्हणजे समोरचा बोलत असताना ऐकणाऱ्याने मधे मधे हाइ, एऽ, उन्, सोऽ देस् ने असं म्हणत राहायचं, तो प्रकार. त्याचा अर्थ 'ऐकतोय, बोला पुढे' इतकाच. पण इंग्रजीत बोलणारा पाहुणा प्रत्येक हाइला यस समजतो. माझी वहिनी क्योतोत एका खानावळीत इंग्रजीतून नीट सांगत होती की आम्हाला मांस चालत नाही, मासाही चालत नाही, तिथल्या बाई दर वाक्याला हाइ म्हणत होत्या, आणि मग सूप आलं ते दाशिचं, म्हणजे सुकवलेल्या माशाच्या किसाचा अर्क असलेलं. बाईंनी कबूल काहीच केलं नव्हतं हो, त्या ऐकत होत्या. मी 'होकार' लिहून खोडलं, 'दुजोरा' लिहून खोडलं, दोन्हींत संमती येते. संमती नसलेला शब्द सुचवा.

अण्णा_मिरजकर
हुंकार. आजी गोष्ट सांगायची तेव्हा आम्ही पोरं हूं हूं करायचो, हूं थांबला की पोरं झोपली असं समजून ती गोष्ट थांबवायची. त्या हूंमध्ये कुठे संमती होती? तयार शब्द घरात असताना शोधायचा कशाला.

लेखणीवाली
अण्णा, आज हुंकार म्हटलं की वाचणाऱ्याला मोर्चा आठवतो, हुंकार सभा, हुंकार यात्रा. संस्कृतातही तो दरडावण्याचा आवाज आहेच. टिपणात 'जपानी माणूस सतत हुंकार देतो' असं लिहिलं तर मंडळी घाबरतील. त्यापेक्षा 'श्रवणसंकेत' करा, अर्थ चोख बसतो.

अण्णा_मिरजकर
श्रवणसंकेत हा शब्द कानाच्या डॉक्टरकडे शोभेल ताई. सभावाल्यांनी उचलला म्हणून आजीचा शब्द आपण सोडून द्यायचा का? असं करत गेलो तर उरणार काय आपल्याकडे.

शाहीरभक्त
झील! पोवाड्यात शाहीर बोलत असतो आणि मागचे झीलकरी 'जी जी रं जी' म्हणतात, ते काय शाहिराच्या प्रत्येक ओळीला सही करत असतात का? पण ते नसले तर शाहीर पुढे जाऊच शकत नाही. आइझुचीचं काम अगदी हेच आहे. 'री ओढणे' मात्र नको, त्यात होला हो करणं आलं.

ओसाकास्थित
झील मला फार आवडला. या शब्दाची व्युत्पत्ती सांगतो, आइ म्हणजे परस्पर आणि त्सुची म्हणजे हातोडा. लोहाराच्या भट्टीत उस्ताद एक घाव घालतो आणि समोरचा शागीर्द त्याला जोडून दुसरा, त्या आळीपाळीच्या घावांवरून बोलण्यातल्या या सवयीला नाव पडलं. आपल्याकडे रस्त्याकडेला घिसाडी असायचे, नवरा चिमट्यात लोखंड धरून छोट्या हातोड्याने जागा दाखवायचा आणि बायको घण घालायची, तो ठेका ज्यांनी ऐकलाय त्यांना आइझुची वेगळी समजवावी लागत नाही.

पण रानजाई, टिपणात याहून महत्त्वाची गोष्ट घाला. नकारार्थी प्रश्न विचारू नका! इंग्रजीत 'यात मासा नाही ना' असं विचारलं आणि खरंच मासा नसला, तर इंग्रज 'नो' म्हणेल. जपानी माणूस 'हाइ, हाइत्ते इमासेन' असा विचार करतो, म्हणजे 'हो, नाहीये', आणि इंग्रजीत नुसतं 'यस' म्हणून मोकळा होतो. पाहुण्याला वाटतं मासा आहे, तो उपाशी उठतो. उलटंही होतं, मासा असला तर 'नो' ऐकून तो निर्धास्त खातो. आता मराठीत बघा, 'यात मासा नाही ना?' 'हो, नाहीये.' आपण अगदी जपान्यांसारखंच उत्तर देतो, इंग्रजी शाळेत आपल्याला ते घासून घासून बदलायला लावलं. म्हणून मंडळींना सांगा की इंग्रजी डोक्याने हाइ ऐकू नका, मराठी डोक्याने ऐका. आणि विचारायचं झालं तर सरळ, 'साकाना, हाइत्ते इमास् का?', मासा आहे का. मग फक्त शेवट ऐकायचा, इमास् आला तर आहे, इमासेन आला तर नाही. नकार आपल्यासारखाच वाक्याच्या शेपटाला येतो. दाशिचं वेगळं विचारायचं, कारण पुष्कळांच्या लेखी दाशि म्हणजे मासा नव्हेच, ती चव.

चाकणवाला
हे शंभर टक्के. आमच्याकडे जपानी साहेब येतात, मीटिंगभर हाइ हाइ चालतं, आपले नवीन लोक खूश होऊन बाहेर पडतात की सगळं पास झालं, आणि शेवटी साहेब म्हणालेले असतात 'केन्तोऽ शिमास्', म्हणजे विचार करतो. तो नकार. 'चोत्तो मुझुकाशिइ', जरा अवघड आहे, तोही नकारच. आपल्या 'बघू'शी तंतोतंत जुळतं, मुलीच्या स्थळाला 'बघू, कळवतो' म्हटलं की मराठी माणसाला पुढचं सांगावं लागतं का? इंग्रजीत भाषांतर केलं की ते खरंच 'बघतील' असं वाटायला लागतं.

अजून एक, 'कुरेऽमु'. क्लेमवरूनच आलाय, पण त्यांच्याकडे अर्थ तक्रार. इन्शुरन्सचा क्लेम समजून बसलात तर पंचाईत.

रानजाई
नकारार्थी प्रश्नाचं सोनं दिलंत, आजच टिपणात घालते. असे अजून इंग्रजी शब्द सांगा ना ज्यांचा अर्थ तिथे बदललाय.

ओसाकास्थित
भरपूर. प्रवासात लागणारे सांगतो. मोबाईल चार्ज करायला सॉकेट हवं तर 'कोन्सेन्तो' म्हणा, प्लग पॉइंट कोणाला कळणार नाही. रेल्वेचा प्लॅटफॉर्म म्हणजे 'होऽमु', हॉटेलचं रिसेप्शन 'फुरोन्तो', आणि 'साऽबिसु' म्हणजे फुकट दिलेलं काहीतरी. हवं तेवढं घ्या पद्धतीच्या जेवणाला 'बाइकिंगु' म्हणतात, टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलने 1958 साली अशा जेवणाचं रेस्टॉरंट काढलं त्याच्या नावात व्हायकिंग होतं म्हणून. बोलताना दीर्घ स्वर लांबवा, बिऽरु म्हणजे बिअर आणि बिरु म्हणजे बिल्डिंग. आणि काहीच जमेना तर कागदावर ठळक अक्षरात इंग्रजी लिहून दाखवा, शाळेत सगळे इंग्रजी वाचायला शिकलेले असतात, ऐकायची सवय नसते.

लेखणीवाली
पण ही तर मोडकी इंग्रजी झाली. आपण पाहुण्यांनी तीच का गिरवायची?

अण्णा_मिरजकर
मोडकी कशी? आपण मिसळ खायला 'हॉटेलात' जातो, तिथे राहायची खोली असते का? जेवण घरी आणलं की 'पार्सल' म्हणतो, त्यावर पोस्टाचं तिकीट असतं का? घेतलेला शब्द घेणाऱ्याचा होतो. हुंकाराबाबत पण माझं हेच म्हणणं आहे.

लेखणीवाली
रूढी मला मान्य आहे अण्णा, पण मग आज जी रूढी आहे ती माना, पन्नास वर्षांपूर्वीची नको. बरं, शब्द तसाच ठेवायचा असेल तर निदान लिहायचा कसा ते तरी ठरवा. आइझुची की आयजुची?

शाहीरभक्त
'जुना'मधला ज घ्या, आयजुची. मराठीत दंत्य च-ज आहेत म्हणून आपल्याला जपानी उच्चार सोपे जातात हे कोणी सांगतच नाही. त्सुनामीचा त्सु म्हणजे आपल्या 'चुना'तला चु, इंग्रजी बोलणारे नुसतं सुनामी म्हणतात. खरं तर चुनामीच लिहायला हवं.

लेखणीवाली
आणि वाचणारा 'चिमणी'तला च वाचेल त्याचं काय? नुक्ता आपण देत नाही, त्सु लिहिलं की निदान घोटाळा नाही.

ओसाकास्थित
उच्चारावरून आठवलं, त्यांची अक्षरमाला आ इ उ ए ओ, का सा ता ना हा मा या रा वा अशी आहे. हा क्रम आपल्या वर्णमालेचा आहे, बौद्ध भिक्षू सिद्धम् ही संस्कृत लिहायची जुनी लिपी शिकायचे त्यातून तिकडे गेलेला. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू 736 साली जपानला पोचला आणि 752 मध्ये नारा शहरातल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी त्याच्या हातून झाला. 'नाराकु' म्हणजे नरक, 'सेत्सुना' म्हणजे क्षण, नवऱ्याला 'दान्ना' म्हणतात तो शब्द दान वरून.

अण्णा_मिरजकर
नवरा आणि दान? मग कन्यादानाशी संबंध असणार नक्की!

ओसाकास्थित
नाही अण्णा, आधी मठाला दान देणारा यजमान, मग कोणताही पोशिंदा, मग घरधनी. आपल्या 'यजमान'चा प्रवासही तसाच, यज्ञ करणारा ते 'आमचे यजमान'.

रानजाई
हे सगळं छानच आहे, पण झील, हुंकार की आयजुची? टिपण छापायला द्यायचंय.

चाकणवाला
मठावरून आठवलं ताई, तुमच्या मंडळींना शोऽजिन र्योऽरि सांगा, देवळातलं शाकाहारी जेवण. त्यात कांदा-लसूणही नसतो, चातुर्मास पाळणारे कोणी असतील तर त्यांचीही सोय झाली.

लेखणीवाली
पण त्यातल्या सूपचं काय, तीच दाशि ना?

ओसाकास्थित
नाही, देवळात कोम्बु नावाचं समुद्री शेवाळ आणि सुकवलेले शिइताके मशरूम यांची दाशि करतात. कोयासान या मठांच्या डोंगरावर मठात राहायची सोय आहे, तिथे रात्री आणि सकाळी हेच जेवण मिळतं, फक्त आधी बुकिंग करा. बाहेर रेस्टॉरंटमध्ये मात्र पाटीवर शोऽजिन लिहिलेलं असलं तरी दाशि कशाची ते विचाराच.