'मायसेल्फ', 'हिमसेल्फ' आणि आपलं 'आपण'

पत्राच्या शेवटी 'प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ' लिहिलेलं चालेल का? नाही चालणार. 'मायसेल्फ' कानाला जास्त अदबशीर लागतं, म्हणून लोक ते लिहितात. पण इथे पाहायचा असतो तो कर्ता. 'सेल्फ'वालं सर्वनाम कर्म म्हणून यायचं तर कर्ता आणि कर्म एकच व्यक्ती हवी. 'आय कट मायसेल्फ' बरोबर, कारण कापणारा मीच आणि कापून घेणाराही मीच. 'कॉन्टॅक्ट'चा कर्ता मात्र पत्र वाचणारा आहे, तेव्हा साधं 'कॉन्टॅक्ट मी' पुरे. ओळख करून देताना 'मायसेल्फ सुनील' म्हणतात, तिथेही 'आय ॲम सुनील' हवं. 'द मिनिस्टर हिमसेल्फ केम' हा प्रकार निराळा. 'मंत्री स्वतः आले' यातल्या 'स्वतः'सारखा तो जोर देण्यापुरता आहे. काढून टाकला तरी वाक्य पुरं राहतं.

मराठी माणसाचा खरा घोळ होतो तो 'आपण'मुळे. हे वाक्य बघा: 'रमेशला वाटतं की सुरेशने आपल्याला फसवलं.' फसला कोण? रमेश. आपलं 'आपण' पोटवाक्यातून बाहेर पडून मुख्य वाक्यातल्या माणसापर्यंत पोचतं. इंग्रजी 'हिमसेल्फ'ला ती मुभा नाही. 'रमेश थिंक्स दॅट सुरेश हॅज चीटेड हिमसेल्फ' म्हटलं की सुरेशने स्वतःचीच फसवणूक केली, असाच अर्थ निघतो. रमेश फसला असेल तर 'हिम' लिहायचं. आता हा 'हिम' कोणी तिसराही असू शकतो. ते संदर्भावरून ठरवावं लागतं. सुरेश मात्र तो नक्की नाही. इथे आपली भाषा जास्त नेमकी आहे असं मला ठामपणे वाटतं. 'सुरेशने रमेशला आपली गाडी दिली' यात गाडी सुरेशची हे मराठीत स्पष्ट असतं. इंग्रजीत 'हिज कार' दोघांपैकी कोणाचीही असू शकते, म्हणून गरज पडली की 'हिज ओन कार' म्हणावं लागतं.

काही क्रियापदांना 'सेल्फ' लागतंच. सहलीहून आल्यावर 'वी एन्जॉयड अ लॉट' म्हणतात, कारण मराठीत 'खूप एन्जॉय केलं' म्हटलं की भागतं. प्रमाण इंग्रजीत 'एन्जॉय'ला कर्म हवं: 'वी एन्जॉयड द ट्रिप', नाहीतर 'वी एन्जॉयड अवरसेल्व्ज'. 'अव्हेल'चंही तसंच. जाहिरातींतून 'अव्हेल द ऑफर' इतकं रुळलंय की भारतात ते कोणाला खटकत नाही. तरी परीक्षेत किंवा परदेशी पत्रव्यवहारात 'अव्हेल युअरसेल्फ ऑफ द ऑफर' असंच लिहावं. उलट 'फील', 'रिलॅक्स', 'कॉन्सन्ट्रेट' यांना 'सेल्फ' जोडू नये. 'आय फील मायसेल्फ टायर्ड' चूक.

आता 'कोणी'. 'कोणी आलं नाही' याचं शब्दाला शब्द लावून 'एनीबडी डिड नॉट कम' होतं, आणि ते सपशेल चूक आहे. नकारार्थी वाक्यात 'एनी'च्या घराण्यातल्या शब्दांना नकार आपल्या आधी यायला हवा असतो. 'आय डिडन्ट सी एनीबडी' चालतं, कारण नकार आधी येऊन गेला. मराठीत 'नाही' वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे 'कोणी' आधी बसलं तरी बिघडत नाही. इंग्रजीत कर्त्याच्या जागी 'नोबडी' घ्यावं: 'नोबडी केम'. त्यात पुन्हा 'डिडन्ट' घालू नये.

'एव्हरीवन'पुढे चुकून 'हॅव' येतं, कारण मनात 'सगळे' असतं. त्याऐवजी 'प्रत्येकजण' मनात आणा, क्रियापद आपोआप एकवचनी होईल. 'एव्हरी वन ऑफ द मँगोज' मात्र दोन शब्दांत लिहायचं, तिथे 'त्यातला एकूणएक' हा अर्थ आहे.

राहिला 'एव्हरीवन'नंतरच्या 'हिज' की 'देअर'चा वाद. 'हिज'मध्ये स्त्रियाही आल्या असं धरण्याची रीत कायद्यातही आहे: ब्रिटिश पार्लमेंटने 1850 साली तसं लिहून ठेवलं, आपल्याकडच्या 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्येही ते आहे. पण एका व्यक्तीसाठी 'दे' वापरणं त्याहून कितीतरी जुनं, चौदाव्या शतकापासूनचं. मेरियम-वेब्स्टर कोशाने तर 2019 साली 'दे'लाच वर्षाचा शब्द ठरवलं. मी 'देअर'च्याच बाजूने आहे. निम्म्या लोकांना गृहीत धरणारं 'हिज' आता नको. म्हणून 'एव्हरीवन हॅज एन्जॉयड देमसेल्व्ज' हे वाक्य बिनधास्त लिहा: 'हॅज' एकवचनी, 'देमसेल्व्ज' अनेकवचनी, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर.