कॉन्ट्रास्ट घेतला नाही म्हणून ग्रेड कमीच, असं नाही

मेंदूतल्या ग्लिओमाबद्दल (मेंदूच्या आधारपेशींची गाठ) 'एमआरआयमध्ये गाठीने कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं, गाठ उजळवणारं द्रव्य) घेतला नाही, म्हणजे ग्रेड (आक्रमकतेची पायरी, 4 सर्वांत वरची) कमीच' असं म्हटलं जातं. बऱ्याचदा खरं ठरतं, पण त्यावर विसंबू नये. कॉन्ट्रास्टमधलं गॅडोलिनियम गाठीत झिरपतं ते रक्त आणि मेंदूमधला अडथळा ढासळला की. गाठीत नव्या रक्तवाहिन्या किती फुटल्यात हा प्रश्न वेगळा, त्यासाठी रक्तपुरवठा मोजणारा परफ्युजन एमआरआय. त्यातला आरसीबीव्ही (रक्ताचं सापेक्ष प्रमाण) मेंदूच्या दुसऱ्या बाजूच्या निरोगी व्हाइट मॅटरपेक्षा बराच चढा असेल तर संशय वरच्या ग्रेडचा. अर्थात ऑलिगोडेंड्रोग्लिओमा हा ग्लिओमाचा प्रकार इथेही चकवतो: ग्रेड 2 असूनही वाहिन्यांचं जाळं दाट, आकडा चढा.

स्पेक्ट्रोस्कोपीत (गाठीतली रसायनं मोजणारी एमआर तपासणी) कोलीन (पेशींची आवरणं वेगाने बनत असल्याची खूण) वर, एनएए (निरोगी चेतापेशींची खूण) खाली हे नेहमीचंच. मला महत्त्वाचा वाटतो तो आलेखावर 2.25 पीपीएमजवळचा 2-एचजी या रसायनाचा पीक, कारण तो आयडीएच जनुकातलं म्युटेशन (बदल) सुचवतो. 2021 च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात ग्रेड जनुकांवरही ठरते. प्रौढांतल्या आयडीएच-वाइल्डटाइप (आयडीएचमध्ये बदल नसलेल्या) डिफ्यूज अ‍ॅस्ट्रोसायटोमात (आसपास पसरणारा ग्लिओमाचा प्रकार) टर्ट प्रमोटर म्युटेशन (टर्ट जनुकाच्या नियंत्रक भागातला बदल) सापडलं, तर सूक्ष्मदर्शकाखाली गाठ कितीही साधी दिसो, ती ग्लिओब्लास्टोमा, ग्रेड 4.

त्यामुळे बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) सहसा टळत नाही. पण सुई कुठे घालायची हे ठरवायला परफ्युजनचा नकाशा फार कामी येतो. नाहीतर गाठीच्या सौम्य कोपऱ्यातला तुकडा हाती लागतो आणि अहवालात ग्रेड कमी येते.