पिवळा बल्ब वापरणारे अडाणी?

काजळी
काल या फोरमवर एका महाभागाने लिहिलं, "घरात अजून तारेचे पिवळे बल्ब ठेवणारे अडाणी आहेत, आज संध्याकाळपर्यंत सगळे काढून फेका." रात्रभर डोक्यात तेच. तर मी तो अडाणी.

आधी याच मंडळींनी आम्हाला सीएफएल, म्हणजे ते वळवलेल्या नळीचे दिवे, घ्यायला लावले. बटण दाबलं की मिनिटभर विचार करायचा आणि मग उजळायचा. बाथरूममध्ये लावला होता. पूर्ण उजेड पडेपर्यंत माणूस बाहेर! एक फुटला तेव्हा कळलं की आत पारा असतो. खिडक्या उघडा, खोलीबाहेर थांबा, झाडू फिरवू नका, तुकडे पुठ्ठ्याने गोळा करा. एका बल्बचा केवढा सोहळा. मग तेच लोक म्हणाले, सीएफएल टाका, एलईडी घ्या. खोक्यावर २५,००० तास. माझा जिन्यातला १५ महिन्यांत गेला. आणि तो पांढराफटक उजेड! बैठकीत बसलं की वाटतं, आता आतून कोणीतरी इंजेक्शन घेऊन येणार.

कंपन्यांचं प्रेम आम्हाला ठाऊक आहे. १९२४ साली फीबस नावाची टोळी करून त्यांनीच बल्बचं आयुष्य १,००० तासांवर आणलं, आणि ज्याचा जास्त टिकेल त्या कंपनीला दंड. त्यांनी आता पृथ्वी वाचवायची?

वॅटमीटर
भावना पोचल्या. आता हिशोब. ६० वॅटचा बल्ब रोज ५ तास म्हणजे वर्षाला साधारण ११० युनिट. तेवढाच, म्हणजे ८०० ल्युमेनच्या आसपास उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी १६ युनिट खातो. एका होल्डरमागे ९४ युनिट. तुमच्या लाडक्या बल्बमधून विजेचा जेमतेम ५ टक्के उजेड होतो, बाकी सगळी उष्णता. तो दिवा नाही, उजेड पाडणारी शेगडी आहे.

फीबसची गोष्ट खरी, पण अर्धी. तार कमी तापवली की बल्ब जास्त टिकतो, पण उजेड मंदावतो आणि तेवढ्याच विजेत कमी मिळतो. कॅलिफोर्नियात लिव्हरमोरला १९०१ पासूनचा एक बल्ब अजून चालू आहे, त्याचे सगळे गोडवे गातात. जळतो किती? ४ वॅटच्या रात्रदिव्याइतका. त्याच्याखाली पेपर वाचून दाखवा.

जिन्यातला दिवा बंद काचेच्या गोळ्यात होता ना? एलईडीचे ठिपके सहसा मरत नाहीत, मरतो तो बुडातला ड्रायव्हर, म्हणजे ठिपक्यांना हवी तशी वीज करून देणारं सर्किट. कोंडलेल्या उष्णतेत त्यातला कपॅसिटर सुकतो. आणि दवाखाना तुम्हीच विकत आणलात, ६५०० केल्विनचा घेतला असणार. हा आकडा जितका मोठा तितका उजेड पांढरा, लहान तितका पिवळा. २७०० चा घ्या.

काजळी
होता गोळ्यात. पण बंद गोळ्यात लावू नका, हे खोक्यावर मुंगीच्या अक्षरांत का? २५,००० मात्र हे एवढं मोठं! रोज ६ तास धरले तरी माझा २,७०० तासांत गेला. हाही हिशोब मांडा.

अर्धशिशी
उजेडाच्या रंगाचं सोडा, लुकलुकणं बघा. स्वस्त एलईडी ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्यांना दिसत नाही, माझ्या डोक्याला कळतं. दोन महिने गोळ्या खाल्ल्या, शेवटी टेबलावरचा दिवा बदलला. मोबाईलचा कॅमेरा दिव्याकडे धरा, पट्टे सरकताना दिसले तर बदला.

घुबड
माझा तर बटण बंद केल्यावरही रात्रभर मिणमिणतो. अंधारात भिंतीवर हिरवट डाग. जुना बल्ब कधी असा वागला नाही.

टेस्टर
@घुबड, बटणात इंडिकेटरचा लाल ठिपका आहे का? त्यातून जरासा करंट जातो, तेवढ्यावर एलईडी मिणमिणतो. नसेल तर बहुधा वायरमनने बटणात फेज, म्हणजे जिवंत वायर, तोडण्याऐवजी न्यूट्रल तोडलाय. म्हणजे बटण बंद असतानाही तुमचा होल्डर जिवंत आहे. हात लावू नका.

घुबड
ठिपका नाही. आणि आमचा वायरमन ३० वर्षं काम करतोय, घरातला माणूस आहे. इथे बसून निदान करू नका.

टेस्टर
३० वर्षं न्यूट्रल तोडत असेल.

घुबड
तोंड सांभाळून बोला! वडिलांच्या आजारपणात हाच माणूस रात्री दोनला येऊन फ्यूज बांधून गेला होता. तुम्ही येणार होता का?

काजळी
बघा! साधा बल्ब होता तोवर घरात शांतता होती.

टेस्टर
शांतता नव्हती हो, बल्ब बहिरा होता. तेवढ्या करंटने टंगस्टनची तार कोमटही होत नाही, म्हणून दोष दिसला नाही. एलईडी चुगली करतोय, तर त्यालाच शिव्या. मी एकाला पुसण्यासाठी स्टुलावर चढून होल्डरला चिकटताना पाहिलंय, बटण बंद होतं. नशिबाने पडला आणि सुटला.

शुद्धलेखक
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण बल्ब 'मरतो' हे कुठलं मराठी? बल्ब जातो किंवा उडतो.

वॅटमीटर
मास्तर, मी ड्रायव्हर मरतो म्हणालो. आणि धागा वायरिंगचा नाही. निळ्या एलईडीला २०१४ चं नोबेल मिळालंय, त्यावर बोला.

काजळी
निळ्या! म्हणजे पांढरा नव्हताच, आम्हाला निळा रंगवून विकला?

वॅटमीटर
निळ्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा उजेड पिवळा करणाऱ्या पुडीचा थर, हो. तुम्हाला पिवळाच हवा होता ना?

घुबड
दोन दिवसांनी लिहितोय. दुसऱ्या वायरमनला बोलावलं. मेन बंद करून बोर्ड उघडला. बटणात न्यूट्रलच होता, एका नाही, तीन खोल्यांत. टेस्टर, तुमचं बरोबर निघालं. बोलण्याची पद्धत मात्र वाईटच आहे.

टेस्टर
चालेल.

काजळी
मीही २७०० वाले चार आणले, उघड्या होल्डरला लावले. बायको म्हणते बल्ब बदललेत हे कळलंच नाही. वॅटमीटरनी फार खूश होऊ नये, जिन्यातल्या गोळ्यात ६० चा जुना परत लावलाय आणि तो तिथेच राहील. पण टेस्टरसाहेब, एक विचारतो. तुमच्या सिरीज बोर्डवर, म्हणजे बिघडलेली यंत्रं बल्बमधून वीज देऊन तपासायच्या फळीवर, कुठला बल्ब आहे?

टेस्टर
१०० वॅटचा, पिवळा. शॉर्ट असला की लख्ख पेटतो, जोडलेल्या यंत्राला धक्का लागत नाही. ते काम एलईडीला जमत नाही. कपाटात सहा जपून ठेवलेत.

काजळी
अडाणी!