छोट्या विमानात पेट्रोल इंजिनपर्यंत जातं कसं?

वारणाकाठ: परवा कराडला मावशीकडं गेलतो, विमानतळाच्या कंपाउंडबाहेरनं एक बारकं विमान दिसलं. एक पोरगा पंखाखाली वाकून छोट्या पारदर्शक कपात निळं काहीतरी काढत होता, उजेडाला धरून बघितलं आन परत तेच दुसऱ्या पंखाखाली. हे काय असतं? आणि टाकी पंखात म्हणजे पंप लागत आसंल ना?

सेसनावाला: ते निळं म्हणजे ॲव्हगॅस, छोट्या विमानांचं पेट्रोल, १०० ऑक्टेनचं, ओळखू यावं म्हणून रंग घालतात. पोरगा पाणी शोधत होता. रात्री अर्धी टाकी रिकामी राहिली की आतल्या हवेतला दमटपणा थेंब होऊन खाली बसतो, पाणी पेट्रोलपेक्षा जड ना, म्हणून सगळ्यात खालच्या जागी ड्रेन, म्हणजे ते काढायच्या तोट्या ठेवलेत, नव्या सेसना १७२ विमानाला तर एकेका पंखाला ५ आणि पोटाला ३. पंप म्हणशील तर पंख वर असलेल्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या सेसनात नाहीच, आपल्या जुन्या स्प्लेंडरसारखं, टाकी वर इंजिन खाली, पेट्रोल आपसूक उतरतं. कॉक पण आहे, डावी, उजवी, दोन्ही, बंद. इंजेक्शनवाल्यांना मात्र पंप लागतोच.

मिरजेचा_मिस्त्री: पंख खाली असलेल्या पायपर चेरोकीत उलटं, टाकी इंजिनपेक्षा खाली, मग इंजिनवर चालणारा पंप आणि तो गेला तर म्हणून एक इलेक्ट्रिक. त्यात 'दोन्ही' नसतंय. उसाच्या रसाचे दोन ग्लास घे, दोन स्ट्रॉ एकदम तोंडात धर, एक ग्लास संपला की नुसती हवाच येणार लगा, दुसऱ्यात रस असून काय उपयोग. म्हणून पायलटनं लक्षात ठेवून टाकी बदलायची.

अजून एक, व्हेंट, म्हणजे टाकीत हवा जायचं भोक. टाकीच्या झाकणाचं भोक चिखलानं बुजलं की गाडी चार किलोमीटरवर बंद पडते, झाकण उघडलं की फुस्स आन चालू, अशा गाड्या माझ्याकडं पावसाळ्यात कायम येतात. विमानाच्या व्हेंटच्या नळीत कुंभारमाशी घर करती म्हणं, आता वर झाकण कोण उघडणार?

वारणाकाठ: बाप रे. मग पेट्रोल किती उरलंय ते काट्यावर बघतात का?

सेसनावाला: काटा असतो, पण त्याच्यावर कुणी विसंबत नाही. उडायच्या आधी पंखावर चढून झाकण काढायचं, खुणा केलेली कांडी आत बुडवायची, ओली कुठपर्यंत झाली बघायचं.

वारणाकाठ: म्हणजे आमच्या ट्रॅक्टरसारखंच की, आम्ही उसाचं कांडं घालतो 😄